चेअरमनचा ओव्हरड्राइव्ह

बहात्तरच्या दुष्काळातल्या उन्हाळ्यात, पाडव्याच्या आदल्या आठवड्यात, तलवाड्याच्या अंबादासरावांची दोन सीटची विलायती गाडी लिंबागणेशच्या देवळासमोर मागे घेताना जागेवर जखडली गेली. गाडीत ते आणि त्यांचा मुलगा वसंत असे दोघेच होते. कोणाला इजा झाली नाही. वसंत पावसाळ्याच्या तोंडावर मुंबईत वारला. अंबादासराव त्यानंतर बरीच वर्षे जगले. गाडी पुन्हा रस्त्यावर आली नाही.

मी तेव्हा बीडला वार्ताहर होतो. अंबादासराव एका सहकारी साखर कारखान्याचे चेअरमन होते, त्यामुळे बातमीच्या निमित्ताने गाठ पडायची. पुढे घरी जाणेयेणे झाले. खाली लिहिलेले काही मी स्वतः पाहिले, काही त्यांच्या पत्नी काशीबाई, फिटर भानुदास आणि लिंबागणेशचा गुरव यांच्याकडून ऐकले. जे एकाकडूनच कळले आणि दुसऱ्याकडून पडताळता आले नाही, तिथे ते कोणी सांगितले हे लिहिले आहे.

अंबादासराव उंच, सडपातळ होते. धोतर, वर बंद गळ्याचा कोट, डोक्याला पांढरा फेटा. चेअरमनच्या खुर्चीत ते कधी टेकून बसले नाहीत. पुढच्या काठावर बसायचे, उठायच्या बेतात असल्यासारखे. एकदा विचारले तर म्हणाले, "खुर्ची सभासदाची हाय. मला काठ पुरतो." ते गमतीने बोलत होते की कसे, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कधीच कळायचे नाही.

'सभासदाचं हाय' हे त्यांचे ठरलेले वाक्य होते. कारखान्याची जीप सभासदाची, म्हणून घरी जाताना ते फाटकापासून फाट्यापर्यंत चालत जायचे आणि एसटीची वाट बघायचे. पिण्याचे पाणी घरून तांब्यात आणायचे. जिल्ह्यातल्या एका वजनदार पुढाऱ्याने पुतण्याच्या लग्नाला वऱ्हाडासाठी कारखान्याचा ट्रक मागितला. अंबादासरावांनी स्वतःची बैलगाडी पाठवली, वर निरोप दिला की दुसरी लागली तर भावकीतून मिळंल. पुढाऱ्याने तो अपमान पुढच्या निवडणुकीपर्यंत जपला. अंबादासराव मात्र लग्नाला गेले आणि पंगतीत वाढायला उभे राहिले.

नियमाला त्यांच्याकडे अपवाद नव्हता. लोक त्यांना मानायचे, पण त्यांच्याशी गप्पा मारायला कोणी बसायचे नाही.

वसंत त्यांचा एकुलता एक मुलगा. शेतकीची पदवी घेतलेला, यंत्रांचा नाद असलेला. लहानपणी ताप आणि सांधेदुखी झाली होती, त्यात हृदयाची झडप बिघडली होती. ते घरात कोणाला मोठे झाल्यावरच कळले. निजामी गेल्यावर हैदराबादचे जहागीरदार एकेक वस्तू विकत होते. त्यातल्याच एका घराण्याकडून वसंताने ही गाडी आणली. बुटकी, हिरवी, वर छत नाही. तलवाड्यात ती आली त्या दिवशी पारावरच्या मंडळींनी तिला फेरी घातली. एकजण म्हणाला, "बसल्यावर बूड रस्त्याला घासतंय का बे?" दुसऱ्याने विचारले की पाऊस आला तर गाडीवर छत्री कोण धरणार. वसंताने दोघांनाही आळीपाळीने शेजारी बसवून गेवराईपर्यंत नेऊन आणले. अंबादासराव बाहेर आले, गाडीकडे पाहिले आणि बायकोला म्हणाले, "त्याला विचारा, ही चिपाडं वाहून न्यायच्या कामाची हाय का."

बापलेकाचे बोलणे तेव्हाही असेच होते, तिसऱ्याच्या तोंडून. काशीबाई वैतागून म्हणायच्या, "मी काय टेलिफोन हाय का ह्या घरातला?"

गाडीत एक उणीव होती. सरळ रस्त्यावर वेग वाढला की इंजिन किंचाळायचे, कारण टॉपच्या, म्हणजे शेवटच्या गिअरच्या, वर काही नव्हते. अशा गाड्यांना ओव्हरड्राइव्ह नावाचा जोड मिळतो. गिअरबॉक्सच्या पाठीमागे बसणारा तो आणखी एक छोटा गिअर असतो. गाडी टॉपवर धावताना बटन टाकले की चाके त्याच वेगाने फिरत राहतात, इंजिन मात्र सावकाश होते. आवाज खाली येतो. वसंताचा एक मित्र शिकायला विलायतेत होता. त्याने मोडीत निघालेल्या एका गाडीचा ओव्हरड्राइव्हसकट गिअरबॉक्स मिळवला आणि लाकडी खोक्यात घालून बोटीने पाठवला.

हा गिअरबॉक्स जुन्यापेक्षा लांब होता. त्यामुळे तिथून मागच्या चाकांकडे जाणारा लोखंडी दांडा, ज्याला फिटर लोक प्रोपेलर म्हणतात, तेवढा आखूड करणे भाग होते. नळी कापायची, टोक लेथवर सरळ करून घ्यायचे आणि पुन्हा जोडायचे. एवढा दांडा धरणारा लेथ जवळपास कारखान्याच्या वर्कशॉपमध्येच होता. तिथला फिटर भानुदास हा मेंढपाळाच्या घरातला, हाताने हुशार आणि तोंडाने फटकळ. त्याने एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, वसंताच्या सांगण्यावरून दांडा लेथवर चढवला.

नळी कापून झाली आणि अंबादासराव दारात आले.

त्यांनी मशीन बंद करायला सांगितले. काम कोणाचे, असे विचारले. भानुदास म्हणाला, खाजगी. अंबादासरावांनी त्याला त्याच दिवशी कामावरून कमी केले. अर्धे वर्कशॉप भोवती उभे होते. वसंत म्हणाला, "अण्णा, काम माझं हाय. शिक्षा मला करा."

"तू कारखान्याचा नोकर न्हाईस," अंबादासराव म्हणाले. "तुला काढता येत न्हाई."

त्यानंतर काही वर्षे ते दोघे एकमेकांशी थेट बोलले नाहीत. वसंताने कापलेल्या दांड्याचे दोन तुकडे पोत्यात भरले, घरी नेऊन गोठ्यात खोक्याशेजारी ठेवले आणि पुण्याला नोकरीवर निघून गेला. गाडी चाकांवर तशीच उभी राहिली. सणावाराला तो यायचा. बाप समोर बसून जेवायचा आणि काशीबाईंना म्हणायचा, "भाकरी आणिक पायजे का इचारा." मुलगा म्हणायचा, "नको म्हणावं."

मग दुष्काळ पडला. पहिल्या वर्षी ऊस अर्धा आला. दुसऱ्या वर्षी आलाच नाही. बॉयलर थंड पडला. कामगार रस्त्याच्या कामांवर खडी फोडायला गेले, जनावरे छावणीत गेली. अंबादासराव रोज कारखान्यावर जात राहिले. वर्कशॉपला कुलूप होते आणि किल्ली त्यांच्या कमरेला.

त्या माघात वसंत पुण्याहून परत आला. उशी पाठीशी घेतल्याशिवाय त्याला श्वास घेता येत नव्हता. बीडच्या डॉक्टरांनी सांगितले की मुंबईला नेऊन ऑपरेशन करावे लागेल, आणि ऑपरेशन करूनही सांगता येत नाही. हे त्यांनी अंबादासरावांना वेगळे बोलावून सांगितले. अंबादासरावांनी घरी येऊन काशीबाईंना सांगितले. वसंताला कोणी सांगितले नाही, पण त्याला ते माहीत होते, असे काशीबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी अंबादासराव गोठ्यात गेले. पोते खांद्यावर घेतले आणि एसटीने नेकनूरला गेले.

भानुदासने तोवर नेकनूरच्या बाजारात स्वतःचे दुकान थाटले होते. जुना लेथ, गॅसची वेल्डिंग, बाहेर पत्र्याची सावली. दुष्काळात त्याच्याकडे काम नव्हते, चार रिकामटेकडे मात्र बसून होते. त्यांच्यादेखत अंबादासरावांनी पोते खाली ठेवले. पुढचे संभाषण भानुदासने मला अनेकदा सांगितले, आणि दर वेळी सारखेच सांगितले.

"चेरमनसाहेब, काम खाजगी हाय का सभासदाचं?"

"खाजगी."

"कारखान्याचा लेथ माझ्यापरीस चांगला हाय. मशीन रिकामं पडलंय. किल्ली तर तुमच्याच कमरेला हाय."

"किल्ली सभासदाची हाय."

बसलेल्यांपैकी एकजण हसला. भानुदासने त्याला उठून जायला सांगितले. मग पोत्यात डोकावून म्हणाला, "माझ्याकडं समदं खाजगीच असतंय. टाका हितं."

चहा मागवला. अंबादासराव बाकावर बसले, इथेही काठावरच. भानुदासने विचारले की आत्ताच काय नडले. अंबादासरावांनी मुलाच्या दुखण्याचे सांगितले, डॉक्टर काय म्हणाले तेही सांगितले. मग म्हणाले, "मुंबईला जायच्या आधी एकदा त्याला त्याच्या गाडीत बसवायचंय. त्याला पायजे होती तशी गाडी करून. मी मोडलं, मीच बसवतो."

"आन् मला काढलतं, त्याचं?"

"ते बरोबर होतं," अंबादासराव म्हणाले.

भानुदास मला म्हणायचा की त्या वेळी ते हो-ना करत माफी मागते, तर त्याने काम केले नसते.

दांडा जोडून, सरळ करून भानुदास तलवाड्याला आला आणि तिथेच मुक्कामी राहिला. रिकाम्या गोठ्यात, जिथे बैल बांधायचे तिथे गाडी उभी केली. इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्रच उचलून काढावे लागले. उचलायला आढ्याला साखळी लावली. वसंताची बाज दारात टाकली होती. तो तिथून सांगायचा, भानुदास करायचा, अंबादासराव सामान हातात द्यायचे. मी एकदा दुपारी तिथे होतो. वसंत म्हणाला, "भानुदास, त्यांना सांग, पाना उलटा धरलाय." भानुदासने मान वर न करता सांगितले, "चेरमनसाहेब, पाना उलटा हाय." अंबादासरावांनी पाना सुलटा केला. काशीबाई ताक घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "बरं झालं. आता टेलिफोन बदलला."

खोक्यात एक वस्तू नव्हती. टॉपखेरीज इतर गिअरमध्ये ओव्हरड्राइव्हची वीज तोडणारा एक छोटा स्विच असतो, तो कुठेतरी गळला होता. तो असला म्हणजे रिव्हर्समध्ये ओव्हरड्राइव्ह लागूच शकत नाही. तो नसेल तर लागू शकतो, आणि लागलेला असताना गाडी मागे गेली तर आतली यंत्रणा एकमेकांत अडकून मोडते. विलायतेहून तो मागवायला वेळ नव्हता. भानुदासने तार सरळ बटनाला जोडली आणि दोघांना बजावले: मागं घ्यायच्या आधी बटन बंद. बटन डाव्या बाजूला, शेजारच्या सीटपुढे लावायचे असे अंबादासरावांनी सुचवले. गाडी चालवायची वसंताला मनाई होती. निदान बटन त्याच्या हाताशी असावे, एवढाच हेतू.

अंबादासरावांना ट्रॅक्टर चालवता यायचा. भानुदासने आठवडाभर पडीक रानात त्यांच्याकडून गाडीचा सराव करून घेतला. "क्लचवर पाय देताय का ढेकूळ फोडताय?" असे तो त्यांना मोठ्याने विचारायचा. गावातली माणसे बांधावर उभी राहून ऐकायची. अंबादासरावांनी एकदाही उलट उत्तर दिले नाही.

मुंबईला जाण्याआधी वसंताने लिंबागणेशला दर्शन घ्यावे, ही काशीबाईंची इच्छा. गाडीत तिसऱ्याला जागा नव्हती. निघताना त्यांनी वसंताच्या पाठीमागे उशी लावली आणि नवऱ्याला म्हणाल्या, "आज मधी मी न्हाई. बोलावं लागंल."

गेवराईपर्यंत रस्त्याची दुष्काळी कामे चालू होती. दोन्ही बाजूंना बायका खडी फोडत होत्या. त्यांच्यावर धूळ उडू नये म्हणून अंबादासरावांनी तेवढे अंतर पहिल्या गिअरमध्ये कापले. कामावर कारखान्याची माणसे होती. त्यांनी हात केला. एक बाई म्हणाली, "चेरमन, गाडीपरीस आमी लवकर पोचू की."

गेवराईच्या पुढे बीडकडे रस्ता सरळ आणि मोकळा होता. अंबादासरावांनी टॉप टाकला, वेग वाढवला. इंजिन ओरडायला लागले. वसंताने बटन टाकले. आवाज एकदम खाली आला आणि वाऱ्याचा आवाज ऐकू येऊ लागला. अंबादासरावांनी मुलाकडे पाहिले. वसंत हसत होता. हे त्यांनी भानुदासला नंतर सांगितले. बोलणे काय झाले, असे भानुदासने विचारले, तेव्हा ते म्हणाले, "काय न्हाई."

बीड ओलांडून मांजरसुंब्याचा घाट चढून ते लिंबागणेशला पोचले. वसंताला पायऱ्या चढवत नव्हत्या. त्याने गाडीतूनच हात जोडले. गरम इंजिन पुन्हा सुरू व्हायला त्रास देई, म्हणून ते बंद केले नाही. अंबादासराव आत जाऊन दर्शन घेऊन आले.

त्यांच्या घरात देवाकडे पाठ करायची नाही, अशी रीत होती. माणूस गाभाऱ्यातून मागे मागे पावले टाकत निघायचा. बैलगाडीसुद्धा देवळासमोर वळवायची नाही. बैल मागे रेटून गाडी दीपमाळेच्या पलीकडे न्यायची आणि मगच वळण घ्यायचे. त्यांच्या वडिलांनी तसेच केले होते, त्यांनीही जन्मभर केले. देवळाचा गुरव दारात उभा होता. त्याने सांगितले की चेअरमन गाडीत बसले, देवळाकडे एकदा पाहिले आणि गाडी मागे घेतली.

बटन चालूच होते. घाट चढून आल्यावरही वसंताने ते बंद केले नव्हते. बापाने त्याला बंद कर असे म्हटले नाही. बाप मागे घेतोय हे दिसल्यावर मुलाने थांबा असे म्हटले नाही. गाडी हातभर मागे गेली, आतून मोठा आवाज झाला आणि चाके जखडली.

गुरव धावत गेला. त्याने ऐकले ते असे.

"अण्णा, बटन माझ्याकडं होतं."

"रिव्हर्स म्या टाकला."

"मला दिसलतं. मला बोलायचं होतं."

"मग कावून बोलला न्हाईस?"

वसंत म्हणाला, "सवय न्हाई." अंबादासराव स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसले होते. गुरवाने पाणी आणले. अंबादासरावांनी ते आधी मुलाला पाजले, मग स्वतः प्यायले.

जवळच्या दुष्काळी कामावरच्या माणसांनी मागची चाके उचलून, ओंडक्यावर ठेवून गाडी देवळाच्या कडेला ओढली. पुढे भानुदास ती नेकनूरला घेऊन गेला. उघडून पाहिले तर दुरुस्त होण्यासारखे आत काही राहिले नव्हते. जुना गिअरबॉक्स परत बसवू का, असे त्याने विचारले. अंबादासराव नको म्हणाले. वसंताला वैशाखात मुंबईला नेले. ऑपरेशनची पाळी यायच्या आधीच, दवाखान्यातच तो गेला. अंबादासराव जवळ होते. चेअरमनपद त्यांनी पुढच्या सभेत सोडले, कारण सांगितले नाही. त्यानंतर ते मला दोन-तीनदा दिसले, नमस्कारापलीकडे बोलले नाहीत.

गाडी मोडली त्या दिवशी मी पाटोद्याकडची जनावरांची छावणी पाहून एसटीने बीडला परतत होतो. लिंबागणेशला गाडी थांबली. अंबादासराव मुलाला काखेत धरून चढवत होते. कंडक्टरने दाराजवळची सीट रिकामी करून दिली. मी मागच्याच बाकावर होतो. त्यांनी मला पाहिले, मान हलवली आणि मुलाकडे वळले.

ते दोघे बोलत होते. छावणीतल्या बैलांचे, कोणाचे खूर दुखतात, कोण वैरण टाकून देतो. विहिरीचे, आणखी किती खणले तर झरा लागेल त्याचे. पुण्यातल्या खोलीची वसंताने माहिती दिली, ती अंबादासरावांनी कधीच पाहिली नव्हती. खिडकी कोणत्या दिशेला आहे, असे त्यांनी विचारले. मांजरसुंब्याच्या आसपास वसंत म्हणाला, "बटन टाकल्यावर आवाज ऐकलात का, अण्णा?"

"ऐकला."

"कसा वाटला?"

अंबादासरावांनी विचार केला. "दमलेला बैल पाण्याला तोंड लावायच्या आधी श्वास सोडतो, तसा."

वसंत हसला. त्याला धाप लागली. घाट उतरताना तो बापाच्या खांद्यावर डोके टाकून झोपला. अंबादासरावांनी बाकाला पाठ टेकली आणि मुलाचे डोके घसरू नये म्हणून हात आडवा धरला.

बीडच्या स्टँडवर गाडी लागली. सगळे उतरले. मी दारात थांबलो, मदत लागेल म्हणून. अंबादासरावांनी मला हातानेच जा असे खुणावले. मी खाली उतरलो, पण दाराजवळच उभा राहिलो. कंडक्टर आला.

"चेरमनसाहेब, बीड आलं."

"पोरगा झोपलाय. गाडी आता कुठं जाती?"

"डेपोत. डिझेल भरायला."

"मग आमाला डेपोत नेता का?"

"तिकीट बीड स्टँडचं हाय तुमचं," कंडक्टर म्हणाला.

"ठावं हाय मला," अंबादासराव म्हणाले, आणि उठले नाहीत.

कंडक्टरने त्यांच्याकडे पाहिले, मग दार हळू लावून घेतले आणि दोनदा घंटी दिली. बस स्टँडबाहेर निघून डेपोकडे वळली, तेव्हा प्रवासी म्हणून आत ते दोघेच होते.